निघालात?

१

दानेश्वरीच्या समोर एकदा बसून गेलेला माणूस पुन्हा मोबाईलवर निवांत बसायचा नाही. तिचा उद्योगच तसा होता. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला प्रकल्प करावा लागतो. वर्गातल्या बाकीच्यांनी हजेरीची अ‍ॅप नाहीतर ग्रंथालयाची अ‍ॅप घेतली, आणि हिनं घेतल्या फसव्या वेबसाइटी. चोरांच्या नव्हेत, चांगल्या घरच्या. आत येताना दार सताड उघडं, बाहेर पडायचं म्हटलं की उंदराच्या बिळाएवढी वाट. 'हो, मला हवंय' हे बटण हिरवंगार आणि तळहाताएवढं, आणि 'नको' हे कुठंतरी कोपऱ्यात, राखेच्या रंगाचं, चष्मा लावून शोधावं असं.

तिची पद्धत साधी होती. समोर माणूस बसवायचा, एक वेबसाइट उघडून द्यायची आणि म्हणायचं, "आता यातून बाहेर पडा." तो कुठं अडतो, कशाला भुलतो, शेवटी काय दाबतो, ते वहीत टिपायचं. उठताना प्रत्येकाला ती एकच मंत्र द्यायची, "मोठं, रंगीत बटण त्यांचं. बारीक, फिकट बटण आपलं."

"ह्ये काय शिकायला पायजे व्हय?" मावशी शिलाईच्या मशीनवरून म्हणायची. "बाजारात जो लई हाका मारतोय त्याच्याकडं जाऊ नये, एवढं मला बी कळतंय की."

सिद्धम्मा मावशी शाळेचे गणवेश शिवायची. काका दहा वर्षांपूर्वी वारले, मूलबाळ नव्हतं. वळसंगहून आठवीला आलेली बहिणीची पोर तिनं ठेवून घेतली ती ठेवलीच. दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत मशीन, कापडाचे गठ्ठे आणि दानेश्वरीचं टेबल. आतली खोली स्वयंपाकाची, तिला दार एकच, बाहेरच्या खोलीत उघडणारं. मागच्या गल्लीत यंत्रमाग. सकाळी सुरू झाले की लाईट जाईपर्यंत खटाखट खटाखट, आणि त्या आवाजावरून मावशीचं ओरडून बोलणं. सुट्टीत गावी गेली की दानेश्वरीला चार दिवसांत ती खटखट आणि ते ओरडणं आठवायचं. आईवर तिचा जीव होताच, पण ताप आला की तोंडातून 'मावशी' निघायचं.

त्या सोमवारी तपासायच्या वेबसाइटींची यादी चाळताना तिला सतराव्या ओळीत एक पत्ता दिसला. आपण तो लिहिल्याचं तिला आठवेना. यादी वर्गातल्या अजिंक्यकडेही होती, त्यानंच भर घातली असणार म्हणून तिनं उघडून पाहिलं.

पानावर वर दोनच शब्द होते, 'या, बसा.' खाली एका खोलीचा फोटो. लोखंडी खाट, तिच्यावर आपली सोलापुरी चादर, शेजारी स्टुलावर तांब्या आणि तांब्यावर पालथं घातलेलं भांडं. खिडकीतून दुपारचं ऊन फरशीवर आलेलं. बस्स. खोली भाड्यानं द्यायची होती म्हणावं तर भाडं नाही, फोन नंबर नाही, गावाचं नाव नाही.

तिनं पान बंद करायला बाण वर नेला तशी एक चौकट आली. 'निघालात?' आणि खाली दोन बटणं. मोठं, हिरवं: 'येते'. बारीक, फिकट: 'जाते'.

दानेश्वरीला हसू आलं. रचणारा पक्का होता म्हणायचा. मराठी बाईमाणूस उंबऱ्यात उभं राहून 'जाते' म्हणेल का? जीभच वळायची नाही. हसता हसता तिचं बोट 'येते'वर पडलं, पान गप बंद झालं, आणि मग तिच्या लक्षात आलं की जगाला मंत्र देणारी बाई स्वतःच मोठं बटण दाबून मोकळी झाली होती.

२

"मी नाही टाकलं," अजिंक्य म्हणाला. "आईशप्पथ. मी यादी उघडलीच नाही आठवडाभर."

अजिंक्यच्या आईच्या शपथा वर्गाला पाठ होत्या, त्यामुळं तिनं त्या हिशेबात धरल्या नाहीत. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिनं त्याच्यापुढं तिचाच लॅपटॉप सरकवला. त्यानं खोली पाहिली, खांदे उडवले, बाहेर पडायला गेला. चौकट आली. त्यानं मोठं बटण दाबलं.

"थांब. काय लिहिलं होतं?"

"येतो."

"येते."

"मी येते कशाला म्हणू? येतोच होतं."

तिनं पुन्हा उघडलं. 'येते'. लॅपटॉप त्याच्याकडं फिरवला. 'येतो'. तोच लॅपटॉप, तीच जागा, मध्ये काही टाईप केलेलं नाही. इंग्रजीत लिहिलं असतं तर बाई की बाप्या हे कुणाला कळायची गरजच नव्हती. मराठीत मात्र निघताना एवढं तरी कळावंच लागतं, आणि या पानाला ते कळत होतं.

दानेश्वरी घाबरली नाही. तिला राग आला. कॅमेऱ्यातून चेहरा बघत असणार, दुसरं काय? तिनं अजिंक्यकडं पाहिलं. हा असले उद्योग करू शकतो का? करू शकतो. पण इतका नीट? इतका नीट नाही.

मग तिनं बटणांच्या मागं काय लिहिलंय ते उघडून पाहिलं. बारीक बटणाच्या मागं लांबच लांब काहीतरी होतं, तिला न उलगडणारं. मोठ्या हिरव्या बटणाच्या मागं जवळजवळ काहीच नव्हतं. पान बंद करायचं, एवढंच. तिनं ते दोनदा वाचलं आणि वहीत लिहिलं, 'येते/येतो: मागे काही दिसत नाही. फार चांगलं लपवलंय.'

तिचे मार्गदर्शक गुरुशांत सर चष्मा कपाळावर चढवून पान बघत राहिले. "मागतंय काय हे?" त्यांनी विचारलं.

"काहीच नाही सर."

"असं नसतं. फसवणारा काहीतरी मागतोच. ते शोधून आण, मग तुझा प्रकल्प चांगला होईल." आणि ते परीक्षेच्या कामाला निघून गेले.

३

घरी येऊन तिनं आधी लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर मावशीच्या कापडाची चिंधी चिकटवली. वर चिकटपट्टी. मग स्वतः बाजूला झाली, भिंतीपाशी उभी राहिली आणि मावशीला बसवलं.

"काय करू?"

"खोली दिसते ती बघ. आणि मग बाहेर पड."

मावशीनं खोली बघितली. "चादर चांगली हाय," ती म्हणाली. "पण कुणीच बसलं न्हाय हितं. लई दिसापासनं." मग बाण वर नेला आणि एकदम टाळी वाजवली. "अगं, बघ की! हिला आपली भाषा येतीय."

दानेश्वरी पुढं आली. हिरव्या बटणावर लिहिलं होतं, 'बर्तीनि'. कानडीत 'येते'. पण कानडी अक्षरात नव्हे, मराठी अक्षरात.

मावशी जन्मली कानडी घरात आणि चौथीपर्यंत शिकली मराठी शाळेत. कानडी तिला बोलता येते, वाचता येत नाही. हे सांगणारा कागद कुठल्या कचेरीत नाही. कॅमेऱ्याला ते चेहऱ्यावरून दिसणार नाही, आणि कॅमेऱ्यावर तर चिंधी होती.

"दाबू नको," दानेश्वरी म्हणाली.

"दाबलं की," मावशी म्हणाली. पान बंद झालं होतं. "चांगलं मानूस दिसतंय कोनतरी. आपल्या बोलीत बोललं." आणि ती पुन्हा मशीनवर जाऊन बसली.

दानेश्वरी मात्र त्या दिवशी जेवली नाही नीट. कोण आहे हा, ज्याला आपल्या घरात कोण काय वाचतं ते ठाऊक आहे? आणि त्याला 'येते' म्हणवून घेण्यात एवढं काय मिळतं? मागत काहीच नाही, फक्त कबूल करून घेतंय. येते म्हणून. कुठं येते?

४

नव्या पेठेत त्रिंबककाकांचं कापडाचं दुकान होतं. मावशी गणवेशाचं कापड तिथूनच उचलायची. काका सत्तरीचे, टक्कल पडलेले, गादीवर मांडी घालून बसलेले, हातात लोखंडी गज, आणि दानेश्वरीच्या सगळ्या माणसांत तेच हुशार. पहिल्या वेळी ते प्रत्येक वेबसाइटला फसले होते. त्याचा त्यांना एवढा राग आला की पुढच्या खेपेपासून ते फिकट बटण शोधायला शिकले आणि गिऱ्हाइकांनाही शिकवायला लागले.

"आज कुणाला हरवायचंय?" तिला बघताच ते म्हणाले.

मंगळवारची दुपार. रस्त्यावर रिक्षांचे भोंगे, समोरच्या भांड्यांच्या दुकानातली आदळआपट, सुनेचं, आरोहीचं, आत बिलं करणं. दानेश्वरीनं त्यांच्याच मोबाईलवर ते पान उघडून दिलं. खरं म्हणजे त्यांना यात ओढायचं तिच्या मनात नव्हतं. पण तिला वाटलं, मोबाईल वेगळा, माणूस वेगळा, तरीही तसंच झालं तर अजिंक्यवरचा संशय तरी जाईल.

काकांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला. "खोली बरी हाय. सावली हाय."

तेवढ्यात एक बाई परकराचं कापड मागायला आली आणि दानेश्वरी गादीवरून बाजूला सरकली. काकांनी मोबाईल आपल्याकडं वळवला, अंगठा लावला, आणि तिच्याकडं बघून एक डोळा मिचकावला. "झालं. निघालो. आता लिही तुझं."

काय दाबलं, हे तिला दिसलं नाही. पण विचारायचं काय त्यात? तिनं आतापर्यंत नऊ जणांना ते पान दाखवलं होतं आणि नऊच्या नऊ 'येते' नाहीतर 'येतो' म्हणूनच निघाले होते. 'जातो' कोण म्हणणार? तिनं वहीत काकांच्या नावापुढं 'येतो' लिहिलं, त्यांचा निरोप घेतला आणि बसथांब्याकडं गेली.

५

गुरुवारी मावशी कापड आणायला गेली ती हात हलवत आली. "दुकान बंद हाय. त्रिंबकअण्णा मंगळवारपासनं घरी न्हाईत."

दानेश्वरी धावत नव्या पेठेत गेली. शटर अर्धं खाली होतं. आत आरोही एकटी बसली होती, तिचे डोळे सुजलेले.

"तुम्ही गेलात आणि अर्ध्या तासात," ती म्हणाली. "मी समोर चहा सांगायला गेले होते. तिथून दुकान दिसतं. परत आले तर बाबा नाहीत. कापड अर्धं मोजलेलं, गज तसाच थानावर. ती गिऱ्हाईक बाई म्हणते, आत्ता होते की, मी पदर सावरला तेवढ्यात. चपला बघा, हितंच आहेत." तिनं गादीखाली बोट दाखवलं. "नव्या पेठेतून अनवाणी माणूस गेला तर दहा जण विचारतील. कुणीच बघितलं नाही."

पोलिसात वर्दी दिली होती. दानेश्वरीनं मोबाईलबद्दल विचारलं तर तो गादीवरच सापडला होता, आता घरी होता, बंद पडलेला. तिला सगळं सांगावंसं वाटलं. पण काय सांगायचं? की काकांनी एका खोलीचा फोटो बघितला?

घरी येऊन तिनं ते पान उघडलं. पहिल्या दिवशी तिनं त्या पानाचं चित्र साठवून ठेवलं होतं. तेही शेजारी लावलं. खाट तीच. ऊन तेच, फरशीच्या त्याच फटीपर्यंत आलेलं. पण आधीच्या चित्रात चादर ताठ होती आणि आता मधोमध बसल्याची खळगी होती. आधी भांडं तांब्यावर पालथं होतं. आता ते स्टुलावर उताणं होतं आणि त्याच्या काठावर पाण्याचा थेंब होता.

तिनं शहाण्या माणसासारखा विचार करायचा प्रयत्न केला. फोटो बदलणं म्हणजे काय मोठं? कुणीही बदलेल. काका वयस्कर, उन्हात चक्कर आली असेल, कुठंतरी पडले असतील. दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या म्हणून एकीमुळं दुसरी घडली असं होत नाही. हे सगळं तिनं स्वतःला समजावलं आणि त्यातलं काहीच तिला पटलं नाही.

वहीत तिच्यासमोर नावं होती. येते, येतो, येते, येतो. सगळ्यांनी शब्द दिला होता. त्रिंबककाका पहिले गेले, एवढंच. त्या यादीत तिसरं नाव मावशीचं होतं, आणि तिला तिथं बसवलं होतं भाचीनंच. स्वतःचं नाव पहिलं होतं, पण त्याची भीती तिला तेवढी वाटली नाही. मावशी या घरात नाही, मशीन बंद आहे, हे चित्र मात्र तिला बघवेना.

पण सुटकेची वाट पानावरच होती की. तिनं वर्षभर हाच मंत्र दिला होता. मोठं त्यांचं, बारीक आपलं. 'येते' म्हणून अडकलेला माणूस 'जाते' म्हणून सुटला पाहिजे.

६

"त्या पानावर जाऊन एकदा बारीक बटण दाब," तिनं शुक्रवारी सकाळी मावशीला सांगितलं. "आधी तुझं होऊ दे, मग माझं आणि अजिंक्यचं करते."

"बारीक म्हंजे? जाते?"

"हो."

"भरल्या घरात असलं बोलतं व्हय कुणी?" मावशीनं कात्री खाली ठेवली. "न्हाय बाई. दुसरं काय बी सांग."

"बोलायचं नाही गं, नुसतं दाबायचं."

"दाबलं काय, बोललं काय. एकच की."

दानेश्वरीनं सांगून पाहिलं, चिडून पाहिलं, त्रिंबककाकांचं नाव काढून पाहिलं. मावशी ऐकेना. उलट तिनंच विचारलं, "आन् मी चार दिस झाले 'येते' म्हणून. हितंच हाय की न्हाय?" पण भीती वाटायला लागली की माणूस हिशेब करतो कुठं? ते वाक्य तिनं कानाआड केलं.

दुपारी शेजारच्या गौरम्माच्या नातवाचं बारसं होतं. मावशीनं हिरवं इरकल नेसलं, केस विंचरले, आणि दारात चपला पायात सरकवत मागं वळली. "बरं, ये..."

"नको म्हणूस!" दानेश्वरी इतक्या जोरात ओरडली की मागांच्या खटखटीतूनही ते गल्लीत ऐकू गेलं असेल. तिनं मावशीचा दंड धरून तिला आत ओढलं. "ये म्हणू नकोस. आज नाही. ये, बस इथं."

"अगं, यड लागलं का तुला?"

"एक काम आहे. दोन मिनिटांचं. मग जा."

ती टेबलाशी वळली. आपल्या पडद्यापुरते पानावरचे शब्द बदलणं, रंग बदलणं, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही येतं. पान या वेळी मावशीच्याच बोलीत उघडलं होतं; तिनं बारीक बटणावरचा 'होगतीनि', म्हणजे 'जाते', खोडला. तिथं 'बर्तीनि' लिहिलं. बटण मोठं केलं, हिरवं केलं. खरं हिरवं होतं ते पुसून टाकलं. असल्या वेबसाइटी आपल्याला विरोध करतात, शब्द परत पहिल्यासारखे होतात. या पानानं काहीच केलं नाही. सगळं मुकाट्यानं बदलू दिलं. तिला ते नशीब वाटलं.

वर्षभर ज्यांना शिव्या घातल्या तेच आपण करतोय, आणि तेही मावशीला, हे तिला कळत होतं. पण जीव वाचत असेल तर फसवायलाही हरकत नाही, असं तिनं मनाशी म्हटलं आणि खुर्ची मागं ओढली.

मावशी बसली. चष्मा लावला. "बर्तीनि," तिनं हळूच वाचलं. "ह्येच ना? ह्ये तर मागं पण दाबलं हुतं."

"तेच. परत एकदा."

मावशीनं दाबलं. पान बंद झालं नाही. खोलीच्या फोटोवर एक शब्द आला, 'बरं.' मग तोही गेला.

दानेश्वरीनं इतका मोठा श्वास सोडला की मावशी हसली. "झालं समाधान? आता कुंची घेते बाळाची. आत राहिली." आणि हिरव्या इरकलाचा काठ उंबऱ्यावरून आत गेला.

७

मोबाईल वाजला तेव्हा दानेश्वरी अजून खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. आरोही होती.

"ताई, बाबांचा मोबाईल आज चार्ज करून उघडला. तुम्हाला पाठवायला म्हणून त्यांनी आवाज भरून ठेवलाय. गेलेलाच नाही तो. ऐकवते, थांबा."

खरखर झाली. नवी पेठ ऐकू आली, भोंगे, भांडी, कुणीतरी भाव करतंय. मग त्रिंबककाका, हसत. "पोरी, तू वहीत काय लिहिलंस ते मी बघितलं बरं का. 'येतो'! अगं, मोठ्याला भुलायला मी काय नवा हाय? तूच शिकवलंस की. मोठं सोडलं, बारकं दाबलं. 'जातो.' आता सांग, पास का नापास?"

आणि नवी पेठ थांबली. आवाज भरणं चालूच होतं, पण रिक्षा नाहीत, भांडी नाहीत, माणसं नाहीत. फक्त तांब्यातून भांड्यात पाणी ओतल्याचा आवाज. मग काका, हळू, परक्या घरी बोलतात तसे. "व्हय... बसतो की."

"याचा काय अर्थ आहे हो?" आरोही विचारत होती. "हे बारकं म्हणजे काय?"

दानेश्वरीला एका क्षणात सगळ्यांची तोंडं दिसली. अजिंक्य सकाळीच भेटला होता. नऊच्या नऊ आजपर्यंत आपापल्या घरी होते. ती स्वतः इथं उभी होती. येते म्हणालेलं कुणी कुठं गेलं नव्हतं. हिरव्या बटणामागं काहीच लपवलेलं नव्हतं, कारण तिथं काही नव्हतंच.

"मावशी!"

त्याच वेळी लाईट गेली असावी. मागच्या गल्लीतले माग एकेक करत थांबले. ती आतल्या खोलीच्या दारात गेली. गॅसपाशी कुणी नाही. फडताळाचं दार उघडं. खाली फरशीवर पिवळी कुंची, तिच्या नाडीत अजून सुई अडकवलेली. दुसरं दार त्या खोलीला नव्हतं, आणि खिडकीला गज होते. तरी तिनं फडताळात हात घालून बघितलं, धान्याच्या डब्यांमागं बघितलं, आणि मग ओट्याखाली बघायला ती गुडघ्यांवर बसली.

लॅपटॉप बॅटरीवर चालू होता. त्यावरची खोली तिला इथूनही दिसत होती. ती गुडघ्यांवर रांगत टेबलापर्यंत गेली.

खाटेवर दोघं बसले होते, पाठमोरे, खिडकीकडं तोंड करून. एक टक्कल पडलेलं डोकं. त्याच्या शेजारी डोक्यावरून घेतलेला हिरवा पदर. स्टुलावर आता दोन भांडी होती.

"मावशी," ती पडद्याला म्हणाली.

मागांच्या आवाजात हाक आली की मावशी डावा कान जरासा पुढं करायची. पदर तेवढाच हलला, डावीकडं, बोटभर. मग परत सरळ झाला, जसं तिला वाटलं असावं की कुणी बोलावलं नाही.

दानेश्वरीनं बाण हलवलाही नव्हता. तरी चौकट आली. 'निघालात?' खाली दोन बटणं, मोठं आणि बारीक. तिचं बोट दोन्हींवरून फिरलं आणि कुठंच टेकलं नाही.

"सिद्धम्मा!" दारात गौरम्मा उभी होती, हातात घुगऱ्यांचं ताट. "पाळण्यात बाळ घालायचंय, तिच्यासाठी थांबलोय समदे. कुटं हाय ती?"

दानेश्वरीनं तोंड उघडलं. 'गेली' हा शब्द जिभेवर आला आणि तिनं तो दातांत दाबून धरला.

गौरम्मानं घरभर नजर फिरवली. मशीन, गठ्ठे, उघडं आतलं दार, आणि उंबऱ्याशी उलटसुलट पडलेल्या चपला. तिचा आवाज उतरला. "भाईर गेली असंल तर येईल की. येते म्हनाली असंल ना?"

"म्हणत होती," दानेश्वरी म्हणाली. "मीच म्हणू दिलं नाही."